नवी जागा, पहिली रात्र आणि पीटीएसडी: झोपेचं नेमकं काय बिघडतं, काय करता येतं?

कंदील (धागाकर्ता)

पीटीएसडी (भयंकर आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) आणि झोप यांवर जे लिहिलं जातं ते बहुतेक घरच्या पलंगाबद्दल असतं. ठरलेली वेळ, अंधारी खोली, मोबाइल लांब. पण माणूस परगावी गेला, दवाखान्यात दाखल झाला, वसतिगृहात राहायला गेला की ही सगळी घडी विस्कटते. त्या वेळी काय करायचं यावर फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, पटलं नाही तर खुशाल वाद घालावा.

आधी सगळ्यांनाच लागू असलेली गोष्ट. नव्या जागी पहिल्या रात्री धडधाकट माणसाचीही झोप बिघडते. डोळा उशिरा लागतो, मधे जाग जास्त येते, रेम झोप (ठळक स्वप्नं पडतात तो झोपेचा टप्पा) कमी पडते. अ‍ॅग्न्यू, वेब आणि विल्यम्स यांनी १९६६ साली मेंदूलहरींच्या नोंदींतून हे मांडलं, आणि 'पहिल्या रात्रीचा परिणाम' हे नाव रुळलं. २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या तामाकी, सासाकी आणि सहकाऱ्यांनी त्यापुढची गंमत दाखवली. पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा गोलार्ध उजव्याइतका खोल झोपत नाही. उजव्या कानाशी अनोळखी आवाज केला की माणूस लवकर जागा होतो. अर्धा मेंदू माळ्यावर राखणीला बसवून उरलेला झोपतो म्हणा ना. पुढच्या खेपेला त्याच जागी हा फरक दिसला नाही.

पीटीएसडीत हा राखणदार दिवसाढवळ्याही माळ्यावरून उतरत नाही. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेत सतत सावध असणं, दचकणं आणि झोप बिघडणं ही लक्षणं एकाच गटात येतात, आणि ते योग्यच आहे. त्यात जागेचा आणखी एक पेच असतो. उपचारांतून मेंदू जे शिकतो ते 'धोका नाही' एवढंच नसतं, 'इथे धोका नाही' असं असतं. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवं शिकणं चढतं, आणि हे नवं शिकणं जागेला चिकटून असतं. जागा बदलली की भीती परत डोकं वर काढू शकते. मानसशास्त्रज्ञ मार्क बूटन यांचं बरंच काम यावरच आहे. त्यामुळे घरी सहा महिने शांत झोपणारा माणूस परक्या खोलीत पहिल्याच रात्री तीनदा ओरडून उठला, तर 'उपचार वाया गेले' असं समजू नये.

---

तिसरा_प्रहर

मांडणी छान आहे, पण एक उलटी बाजू राहिली. पीटीएसडी असलेल्या कित्येकांना स्लीप लॅबमध्ये (रात्रभर झोपेची तपासणी करतात तिथे) घरापेक्षा बरी झोप लागते. घरी आठवड्यातून चार रात्री दुःस्वप्नं पडणाऱ्या माणसाला लॅबमध्ये एकही पडत नाही, हा अनुभव या क्षेत्रात जुना आहे. नुसत्या निद्रानाशातही असं उलटं चित्र दिसतं. हाउरी आणि ओल्मस्टेड यांनी १९८९ मध्ये त्यावर लिहिलं होतं.

याची दोन कारणं संभवतात. एक, घरचा पलंग 'जागं राहण्याची जागा' म्हणून मेंदूत पक्का बसलेला असतो आणि नव्या पलंगाला तो इतिहास नसतो. दुसरं मला जास्त पटतं: लॅबमध्ये शेजारच्या खोलीत कुणीतरी रात्रभर जागं असतं, कॅमेऱ्यावर पाहत असतं. पहारा दुसऱ्याने घेतला की आपल्याला डोळे मिटता येतात.

म्हणून जागा नवी आहे की जुनी यापेक्षा 'इथे पहारा कोण देतंय' हा प्रश्न आधी विचारावा असं माझं मत.

याचा व्यवहारातला अर्थ असा. लॅबचा अहवाल ठीक आला म्हणून रुग्ण फुगवून सांगतोय असं कुणी म्हणालं, तर ते चूक. एका रात्रीच्या अहवालावर दुःस्वप्नांचा निकाल लावता येत नाही. शक्य असेल तर दोन रात्री मागाव्यात, आणि दोन आठवड्यांची झोपेची डायरी सोबत न्यावी. घोरण्याची किंवा श्वास अडकण्याची शंका असेल तर घरी करायच्या चाचणीबद्दलही विचारावं. कोबायाशी आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या एकत्रित विश्लेषणात लॅबमधले फरक दिसले ते असे: हलकी झोप जास्त, खोल झोप कमी, रेममध्ये डोळ्यांची हालचाल जास्त दाट. सगळे फरक खरे, पण रुग्णाच्या तक्रारीच्या मानाने बेताचे.

---

सायंतारा

पहाऱ्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आता हॉटेल किंवा अतिथिगृहाच्या खोलीत तो पहारा कसा लावायचा ते सांगते.

खोली ठरवतानाच फोनवर मागून घ्या: लिफ्ट, जिना आणि कपडे धुण्याच्या यंत्रांपासून लांबची, शेजारच्या खोलीत उघडणारं आतलं दार नसलेली. 'आवाजाने झोप मोडते' एवढं कारण पुरतं, जास्त खुलासा करायची गरज नाही. शक्यतो उजेड असताना पोचा. परकी खोली रात्री अकराला पहिल्यांदा पाहणं आणि संध्याकाळी पाचला पाहणं यांत फार फरक पडतो.

पोचल्यावर वीसेक मिनिटं लागतात. आपल्या मजल्यावरून बाहेर पडायची वाट एकदा चालून बघा, वाटेतली दारं मोजा. खोलीत दाराची कडी आणि साखळी, खिडकीची कडी, न्हाणीघर आणि कपाट बघून घ्या. आत काही सापडेल म्हणून हे करायचं नाही. आत काय आहे हे माहीत असावं म्हणून करायचं. पलंगावरून दार दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर पलंग ढकलत बसू नका, उशी पायथ्याशी घ्या आणि उलटे झोपा. निम्म्या खोल्यांत एवढ्यानेच काम होतं. उशालगतच्या टेबलावरून काचेचा पेला, किटली, जड दिवा हलवा, कारण दचकून उठताना हात फिरतो. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट मोकळी ठेवा, बॅग भिंतीला लावा.

टीव्हीचा तो लाल ठिपका चिकटपट्टीने झाका. छतावरच्या धूरसूचकाचा लुकलुकणारा दिवा मात्र झाकू नका, तो आपल्याच पहाऱ्यातला आहे. तो खुपत असेल तर कुशी बदला. डोळ्यांवरची पट्टी पीटीएसडीत पुष्कळांना चालत नाही. डोळे उघडून काहीच दिसलं नाही तर जाग अजूनच वाईट येते. त्याऐवजी जमिनीलगत मंद, पिवळट किंवा तांबूस दिवा ठेवावा. न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार चार बोटं उघडं ठेवलं तरी भागतं, पण तो प्रकाश थेट चेहऱ्यावर येता कामा नये.

आता सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी केली जाणारी गोष्ट. झोपायच्या बरंच आधी, जेवणाच्या सुमारास, दिवे घालवून दहा मिनिटं पलंगावर पडा आणि आवाज मोजा. फ्रीजची घरघर चालू, बंद, पुन्हा चालू. वरच्या मजल्यावर खुर्ची ओढली. पाइपात पाणी पडलं. लिफ्ट थांबताना 'टिंग'. प्रत्येकाला मनात नाव द्या. ज्याचा उलगडा होत नाही तो उठून शोधा. रात्री दोनला हाच 'टिंग' ओळखीचा निघतो, आणि राखणदार मान वर करून परत बसतो.

---

काडीपेटी

सायंताराताई, यादी चांगली आहे, पण हीच यादी कित्येकांच्या गळ्याशी येते. दार एकदा बघितलं की बरं वाटतं, अर्ध्या तासाने ते बरं वाटणं ओसरतं, मग दुसऱ्यांदा, मग दहाव्यांदा. प्रत्येक तपासणीतून मेंदूला एकच निरोप जातो: तपासलं म्हणून वाचलो. धोका नव्हताच, हे शिकायची संधी हातची जाते. आघातावरच्या उपचारांत आपण नेमकं हेच सोडवायला बघतो.

परक्या खोलीत तर हे झपाट्याने वाढतं. दाराला खुर्ची, खुर्चीवर बॅग, कपड्यांनिशी झोपणं, बूट घालून झोपणं, शेवटी खुर्चीत बसून रात्र काढणं. प्रत्येक पायरी त्या क्षणी शहाणपणाची वाटते.

माझी कसोटी साधी आहे: या कृतीतून नवी माहिती मिळते का? पहिल्यांदा कडी बघितली तेव्हा मिळाली. तिसऱ्यांदा बघितली तेव्हा मिळाली नाही, तेव्हा फक्त धाकधूक शमवली. पहिलीला तयारी म्हणा, तिसरीला सवय.

तपासणी एकदाच, पण नीट करायची. कडीला हात लावून मोठ्याने म्हणायचं, 'दार बंद, कडी लावली, दहा वाजून पाच मिनिटं', आणि कागदावर तसं लिहायचं. दिवा गेल्यावर पुन्हा उठायचा मोह झाला तर दाराकडे जायचं नाही, कागद वाचायचा. यंत्रवत तपासलेलं लक्षात राहत नाही, म्हणून तर लोक पुन्हा उठतात.

---

सायंतारा

मान्य. 'एकदाच, मोठ्याने, लिहून' हे माझ्या यादीच्या आधी यायला हवं होतं. एक भर: जो उपचार घेतोय त्याने प्रवासाआधी आपल्या थेरपिस्टशी ठरवून घ्यावं की यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं. उलटं झोपणं एखाद्याला या खेपेला लागेल, पुढच्या खेपेला लागणार नाही.

---

ओलं_लाकूड

कानातल्या बोळ्यांबद्दल काय मत आहे? सगळीकडे तोच सल्ला दिसतो.

---

तिसरा_प्रहर

पीटीएसडीत जपून. फोमच्या बोळ्यांच्या पाकिटावर तीसेक डेसिबल लिहिलेलं असतं (नीट बसवले नाहीत तर प्रत्यक्षात बरेच कमी). पण अडचण आकड्याची नाही. पहाऱ्यावरच्या माणसाचे कान बंद केले तर तो झोपत नाही, आणखी कान टवकारतो. शिवाय बोळे घातले की स्वतःचा श्वास आणि नाडीचे ठोके मोठे ऐकू येतात. छातीत धडधडून जाग येणाऱ्याला हे अजिबात नको असतं.

झोप मोडते ती सरासरी आवाजाने कमी, अचानक उठणाऱ्या आवाजाने जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात झोपायच्या खोलीसाठी सलग आवाज ३० डेसिबल आणि एकेकटा उठणारा आवाज ४५ डेसिबल असे दोन वेगळे आकडे दिले आहेत, ते यासाठीच. म्हणून शांतता करण्यापेक्षा चढउतार बुजवा. पंखा किंवा पावसासारखा एकसुरी आवाज लावा. पातळी अशी हवी की बाहेरचं बोलणं ऐकू येईल पण शब्द कळणार नाहीत, आणि धोक्याची घंटा स्पष्ट ऐकू येईल. आवाज कानाशी ठेवू नका, पलंग आणि दार यांच्या मधे ठेवा.

दोन चुका नेहमी होतात. पहिली, टायमर लावणं. एक तासाने आवाज थांबतो, आणि ती अचानक आलेली शांतताच जागं करते. रात्रभर चालू ठेवा. दुसरी, प्रवासातच पहिल्यांदा लावून बघणं. आधी आठवडाभर घरी लावा, मग तो आवाज घराचा होतो आणि बरोबर नेता येतो. उशीचा अभ्राही असाच: नवा धुतलेला नेऊ नका, चार दिवस वापरलेला न्या.

---

जुनी_घोंगडी

दवाखान्याबद्दल लिहायलाच हवं. तिथे खोली निवडता येत नाही, कडी नसते, आणि अनोळखी माणसं रात्री अंगाला हात लावतात. वरच्या निम्म्या सूचना तिथे गैरलागू होतात.

दाखल होताना नर्सला एक वाक्य सांगा, कारणं सांगायची गरज नाही: 'झोपेत हात लावला तर दचकून हात-पाय झाडले जातात, आधी हाक मारा.' घरच्यांनी ते पाटीवर लिहून खाटेच्या डोक्याशी लावायला विचारावं आणि प्रत्येक पाळी बदलताना पुन्हा सांगावं. दिवसपाळीचा निरोप रात्रपाळीला पोचेल असं धरून चालू नये.

उठवायची रीत अशी. पायथ्याशी, हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहायचं. मंद दिवा लावायचा. नावाने हाक, नेहमीच्या आवाजात, कुजबुजत नाही. मग तीन गोष्टी: मी कोण, तुम्ही कुठे आहात, मी काय करणार आहे. 'मी रात्रपाळीची नर्स. तुम्ही दवाखान्यात आहात, पहाटेचे चार वाजलेत. रक्तदाब बघायचाय, डावा हात.' माणसाने उत्तर दिलं की मगच हात लावायचा. खांदा हलवणं, वाकून तोंडाजवळ जाणं, दोघांनी दोन बाजूंनी येणं, हे तिन्ही टाळायचं.

आपोआप फुगणारा रक्तदाबाचा पट्टा हा छुपा शत्रू. दर तासाला झोपेत दंड आवळला जातो, त्यातून काय काय जागं होईल सांगता येत नाही. तब्येत स्थिर असेल तर 'रात्रीच्या तपासण्या एकत्र करता येतील का, मधले अंतर वाढवता येईल का' असं डॉक्टरांना विचारा. बऱ्याचदा जमतं, पण विचारल्याशिवाय कुणी आपणहून करत नाही. खाट भिंतीलगतची मिळाली तर उत्तम, म्हणजे पाठ झाकली जाते. खाटेचे कठडे वर हवेतच का हेही विचारा, कारण अडकल्यासारखं वाटतं. पण तोल जाण्याचा धोका असेल तर तिथे डॉक्टरांचंच ऐकायचं.

शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. भूल उतरताना गोंधळून, भांडल्यासारखं उठणं पीटीएसडीत जास्त दिसतं. माहीत असेल तर ते तशी तयारी ठेवतात.

---

मात्रा_वळसा

औषधांचं थोडक्यात, कारण परक्या जागी झोप बिघडण्याचं खापर जागेवर फुटतं आणि खरं कारण घरी राहिलेली गोळी असते.

दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन चालू असेल तर मधे काही दिवस चुकल्यावर जुना पूर्ण डोस एकदम घेऊ नका. हे रक्तदाबाचं औषध आहे. सुरुवात सहसा रात्री १ मिलिग्रॅमने करून हळूहळू वाढवतात, कारण पहिल्या डोसांना रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. खंड पडला तर डॉक्टरांना फोन करा. परक्या खोलीत रात्री झटकन उठून अंधारात न्हाणीघराकडे जाणं आणि प्राझोसिन, ही जोडी माणसाला पाडते. आधी पलंगाच्या कडेला बसा, मग उठा. (२०१८ च्या मोठ्या चाचणीत, ३०४ माजी सैनिकांवर, प्राझोसिन प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा) सरस ठरलं नाही. तरी काहींना त्याचा गुण येतो. घ्यायचं की नाही हे तुमच्या डॉक्टरांशी ठरवा, धाग्यावर नको.)

पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यरोधक गोळ्यांचे एकदोन डोस चुकले तरी ठसठशीत, भडक स्वप्नं पडू शकतात. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको.

'नव्या जागी झोप यावी म्हणून' दारू हा सगळ्यात महागात पडणारा उपाय. रात्रीच्या पहिल्या भागात रेम दाबली जाते, उत्तररात्री ती उसळून येते, झोप तुकड्यातुकड्यांत मोडते आणि स्वप्नं नेमकी तेव्हा येतात. कुणाच्या तरी झोपेच्या गोळ्या उसन्या घेऊ नका. बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या पीटीएसडीसाठी सुचवल्या जात नाहीत, आणि दारूबरोबर तर त्या जिवावर बेततात.

सीपॅप यंत्र (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं) असेल तर तेही न्याच. 'दोन रात्रींचा तर प्रश्न' म्हणून घरी ठेवतात आणि मग श्वास अडकून जाग येते, तीही घुसमटल्याची. पलंगाजवळ प्लग नसतो, तेव्हा लांब वायरीचा बोर्ड बरोबर घ्या.

---

काडीपेटी

दुःस्वप्नातून जाग आल्यावरचं राहिलं. घरी डोळे उघडले की ओळखीचं छत दिसतं. परक्या खोलीत तेही नसतं, म्हणून 'मी कुठे आहे' या गोंधळाची काही सेकंदं लांबतात. स्वप्न तेच असतं, परतीची वाट मात्र लांब पडते.

झोपण्याआधी एक कार्ड लिहून हाताशी ठेवा, ठळक अक्षरांत: जागेचं नाव, वार आणि तारीख, 'दार डावीकडे, दिवा उजवीकडे, सकाळी सातला निघायचंय'. शेवटचा भाग महत्त्वाचा, कारण आठवणीत उद्या सकाळ नसते. जाग आली की दिवा लावा, दोन्ही तळवे जमिनीला टेकवा, कार्ड मोठ्याने वाचा, थंड पाण्याने मनगटं धुवा. मग समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्या, पण बारकाव्यासह. 'खुर्ची' म्हणून भागणार नाही. 'तपकिरी खुर्ची, उजव्या हातावर ओरखडा' असं म्हणा.

अंदाजे वीस मिनिटांत झोप परतली नाही तर उठून आधीच ठरवलेल्या खुर्चीत बसा. घड्याळ बघू नका, अंदाज पुरे. झोप डोळ्यांवर आली की पलंगावर परत.

स्वप्नाचा शेवट बदलून तो दिवसा मनात घोळवायचा सराव करत असाल तर प्रवासातही तो दिवसाच करा, रोजच्यासारखी दहावीस मिनिटं. परक्या पलंगावर, दिवे घालवून, कधीच नाही. आणि हा सराव पहिल्यांदा सुरू करायला प्रवासाचा आठवडा निवडू नका.

---

ओलं_लाकूड

आणखी एक प्रश्न. स्मार्ट घड्याळ सात तास झोप दाखवतं आणि माणूस म्हणतो डोळ्याला डोळा लागला नाही. कुणाचं धरायचं?

---

तिसरा_प्रहर

घड्याळ मुख्यतः हालचालीवरून अंदाज करतं. निश्चल पडून आवाज ऐकणारा माणूस त्याच्या लेखी झोपलेला असतो, आणि पीटीएसडीत लोक नेमकं असंच पडून राहतात. उलटही घडतं: हलकी झोप माणसाला जागरण वाटते. त्यामुळे दोघांपैकी एकाला खोटं ठरवू नका. सकाळी चार गोष्टी लिहा: पलंगावर कधी गेलो, कितीदा जाग आली, कशाने आली, कधी उठलो. 'कशाने' हा रकाना पुढच्या खेपेची खोली निवडायला लागतो.

आणि पहिली रात्र वाईट गेली तरी दुसऱ्या दिवशी रोजच्या वेळेलाच उठा. डुलकी लागलीच तर वीस-तीस मिनिटं, दुपारी तीनच्या आत. भरपाई म्हणून आठलाच आडवं व्हायचं नाही, कारण परक्या पलंगावर जागं पडायचे तास तेवढे वाढतात. महत्त्वाचं काम आणि लांबचं वाहन चालवणं दुसऱ्या दिवसावर ठेवू नका, तिसऱ्यावर ढकला. जमत असेल तर एक रात्र आधीच पोचा.

---

कंदील

सोबत झोपणाऱ्याबद्दल मीच लिहितो. जोडीदाराला वाटतं मिठी मारून जागं करावं. करू नये. पलंगावरून उतरून, दोन हात लांबून, नावाने हाक मारायची आणि जागेचं नाव घ्यायचं. मिठी नंतर, विचारून. आणि पहिली रात्र वेगळ्या पलंगावर झोपायचं ठरलं तर त्यावर रुसू नये.

जुनी_घोंगडी, तुमच्या पाटीचा मजकूर वरच्या लेखात टाकतोय, प्रिंट काढता येईल असा. एवढाच ठेवू ना?

'कृपया झोपेत हात लावू नका. पायथ्याशी उभं राहून नावाने हाक मारा. तुम्ही कोण आणि काय करणार ते सांगा. उत्तर आल्यावर जवळ या.'

---

जुनी_घोंगडी

'दिवा आधी लावा' हे पहिल्या ओळीत घाला. अंधारातून आलेली हाक कितीही प्रेमळ असली तरी अंधारातूनच येते. आणि अक्षरं मोठी ठेवा, रात्रपाळीला ती मंद उजेडात वाचायची असतात.